कपाटाच्या दारावरची यादी

फोन आला तेव्हा मी नक्कल करत होतो. भालकीच्या आमच्या शेतकी खात्याच्या कचेरीत दुपारचा चहा झाला, की मंडळी खुर्च्या ओढून माझ्या टेबलाभोवती जमतात आणि मी त्यांना जिल्ह्याच्या साहेबांपासून उदगीर गाडीच्या कंडक्टरपर्यंत हवा तो माणूस करून दाखवतो. त्या दिवशी एका बियाणेवाल्या व्यापाऱ्यावर आलो होतो. मान वाकडी, एक डोळा बारीक... हशा टिपेला पोचला होता आणि शिपायाने रिसीव्हर माझ्यापुढे धरला. गुलबर्ग्याहून मारुती बोलत होता. माझा वर्गमित्र, आणि आता आमच्याच जुन्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक. एरवी तो मला 'काय बहुरूपी' म्हणून सुरुवात करतो. त्या दिवशी म्हणाला, "अप्पा सर गेले. सकाळी." माझी मान तशीच वाकडी राहिली होती. लोक हसत होते, त्यांना वाटलं फोनही नकलेतलाच आहे.

ही नक्कल करायची खोड मला ज्यांच्यामुळे लागली, म्हणजे आयुष्यात ज्यांची पहिली यशस्वी नक्कल मी केली, ते अप्पा सरच. त्याची किंमत काय पडली ते पुढे सांगतोच. सर दुबलगुंडीच्या लिंगायत शेतकरी घरातले. घरी कन्नड, वर्गात इंग्रजी, रागावले की मराठी आणि खुशीत असले की दख्खनी, अशी त्यांची वाटणी होती. त्यांच्या घरी कुणीही जावो, दारातच पहिला प्रश्न यायचा, "हात धुतलास का?" 'ये', 'बस' सगळं नंतर. गुलबर्ग्यात लोक म्हणायचे, बसवतत्त्वाच्या घरात हे कसलं सोवळं? मी हा प्रश्न सतरा-अठरा वर्षं ऐकला आणि प्रत्येक वेळी मुकाट्याने मोरीकडे वळलो, कारण तो कुठून आला ते मला ठाऊक होतं.

शेवटचं भेटलो ते सर जायच्या दोनेक महिने आधी. वेताच्या खुर्चीत बसले होते, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. अक्कांनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, बशीत चहा ओतून त्यांच्या ओठांना लावला. कप हातात देणं केव्हाच बंद झालं होतं. चहा संपल्यावर त्यांनी एक हात मांडीखालून काढला, मी त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलंच. तो हात त्यांचा नव्हता. कुणीतरी दुसरं त्याला हलवत होतं. माझ्या खिशातलं पेन मागून त्यांनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर एक गोल काढला. सुरुवात जिथे होती तिथे शेवट आलाच नाही. "बघ," म्हणाले, "दार उघडं राह्यलं." आणि हसले. मी हसलो नाही, यावरून काय ते समजा.

गोष्ट म्हैसूर राज्याचं नाव कर्नाटक व्हायच्या आसपासची. मी आणि मारुती गुलबर्ग्यात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो. आम्ही भालकीकडची मुलं मराठीतून शिकून आलेली, शेजारच्या बाकावर कन्नडवाले, मागे उर्दूवाले, आणि पुस्तकं सगळी इंग्रजी. पण निदान न समजण्यात तरी सगळे समान होते. प्रयोगशाळा म्हणजे एक लांब खोली, खिडक्या रंगाने घट्ट बसलेल्या, आत स्पिरिटचा गोड वास. आम्ही झाडंझुडपं वाळवून जाड कागदावर चिकटवायचो आणि त्याखाली लॅटिन नाव लिहायचो. चिकटवण्याआधी एक काम असे. वाळलेलं रोप पाऱ्याच्या क्षाराच्या द्रावणात बुडवून काढायचं, म्हणजे त्याला कीड लागत नाही. खोलीच्या कोपऱ्यात त्यासाठी तामचिनीचा एक पांढरा ट्रे होता. या कामाला 'विष लावणे' म्हणत. सरळ शब्द होता. तो ऐकूनही आम्ही कुणी दचकत नव्हतो.

माझा आवाज मोठा आणि अक्षर चांगलं, म्हणून मी बॅचचा लीडर. कामाची यादी मी केली. चित्रं काढणे, रोपं दाबणे, लेबल लिहिणे... आणि सगळ्यात खाली 'विष लावणे'. त्या ओळीपुढे मी मारुतीचं नाव लिहिलं. मला कुणी तसं सांगितलं नव्हतं. मागच्या वर्षीची यादी भिंतीवर होती, तिच्या खाली त्याच्या मागच्या वर्षीची होती. चित्रं काढणारे बदलत, लेबलं लिहिणारे बदलत. शेवटच्या ओळीतली मुलं मात्र गावाच्या ज्या टोकाकडून आलेली असत, ते टोक कधी बदलत नसे. प्राणिशास्त्राच्या खोलीतही हेच. बेडूक मारायचा त्यांनी, आत काय आहे ते बघायचं आणि त्याला नाव द्यायचं आम्ही. मारुतीचा बाप रस्त्याच्या गँगवर खडी फोडायचा, आई दुसऱ्यांच्या उसात खुरपायची. मारुतीला वाटलं, आपल्याला जोखमीचं काम मिळालं. तो ते इतकं नीट करायचा की बघत राहावं. दोन्ही हात मनगटापर्यंत ट्रेत. मग हात पँटला पुसून फडक्यातली भाकरी सोडायचा, आणि मी त्याच्या शेजारी बसून किस्से सांगायचो.

असा महिना गेला आणि अप्पा सर नवीन लेक्चरर म्हणून आले. पहिल्याच दिवशी ते खोलीत शिरले, ट्रेपाशी आले आणि थांबले. मारुतीच्या हातात ट्रेतलं रोप टिपलेला एक ओला कागद होता. सरांनी टेबलावरचा लाकडी चिमटा उचलला आणि त्या चिमट्याने तो कागद मारुतीच्या हातातून काढून घेतला. मग मारुतीला नळाकडे पाठवलं. तो हात धुऊन आला, तर पुन्हा पाठवलं. मग ट्रे स्वतः उचलून कपाटात ठेवला, कुलूप लावलं, किल्ली खिशात. सगळं मिळून पाच मिनिटं. एक शब्द जास्त बोलले नाहीत. खोलीतल्या चाळीस जणांनी बघितलं, की शर्टाआड गळ्यात इष्टलिंग बांधलेल्या माणसाने मारुतीच्या हातातली वस्तू चिमट्याने घेतली. आमच्या भागात या देखाव्याचा अर्थ कुणाला विचारावा लागत नाही.

आणि मला तर रंगमंच मिळाला. त्या रात्री होस्टेलच्या मेसमधून सांडशी आणली, चादर खांद्यावर टाकली, एका पोराला मारुती केलं आणि सगळा प्रसंग उभा केला. सरांची ती ताठ मान, तो चिमटा पुढे सरकवणं, किल्ली खिशात टाकून खिशावर थापटणं. पोरं गडाबडा लोळली. 'परत, परत' झालं. तिसऱ्या वेळी सांडशी पुढे करून मी वर बघितलं तर दारात मारुती उभा होता. किती वेळापासून, कुणास ठाऊक. सकाळी त्याची ट्रंक नव्हती.

आठ दिवसांनी सरांनी मला थांबवलं. "मारुती कामून येत न्हाई?" मी आधी आजारी आहे म्हटलं, मग घरी काम आहे म्हटलं. सर ऐकत राहिले. शेवटी जे झालं ते सांगितलं, होस्टेलसकट. सर खुर्चीत बसले आणि म्हणाले, "करून दाखव." मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "हॉस्टेलात जे केलास, ते इथं कर." कपाटातून तोच चिमटा काढून त्यांनी माझ्यापुढे धरला... पुढे मी हजार वेळा लोकांसमोर उभा राहिलो असेन, पण एकट्या माणसासमोर त्याचीच नक्कल करायची वेळ वैऱ्यावर येऊ नये. मी केली. मान, चिमटा, किल्ली. सर शेवटपर्यंत डोळे न हलवता बघत होते. "बरोबर केलास," म्हणाले. "मी तसंच केलतो." मग चिमटा परत कपाटात ठेवला. "उद्या ऐतवार हाय. पहिल्या गाडीनं जाऊ. तू बी चल."

हुमनाबादवरून भालकी, तिथून पुढे पायी. मारुतीचं घर गावाच्या त्या टोकाला. तो अंगणात बसला होता, आम्हाला बघून उठला, पण 'या' म्हणाला नाही. इथे वाचकांना वाटलं असेल, आता सर पाणी मागणार. मागितलं. तांब्याभर प्याले. त्याने काहीही झालं नाही. मारुती म्हणाला, "पाणी प्यायला लय लोक येतात, सर. मतं मागायच्या टायमाला." सरांनी तांब्या खाली ठेवला.

"तुझी भीती न्हवती वाटली मला," ते म्हणाले. "त्या कागदाची वाटली. ट्रेत पारा हाय. हातातून आत जातो, आणि मग तिथंच ऱ्हातो. आधी तुला सांगायचं, मग चिमटा उचलायचा. मी उलटं केलो."

मारुती आपले तळवे बघायला लागला. "महिनाभर मी त्याच हातानं भाकरी खाल्लो."

त्याची आई गिरजाबाई शेतातून नुकतीच आली होती, पदराच्या ओट्यात भाजी होती. ती ओटा तसाच धरून पुढे आली, एका हाताने मारुतीचा हात उचलला आणि त्याची नखं एकेक करून बघितली. "काय होईल ह्येला?"

"काय की, अक्का," सर तिला म्हणाले. "काही होऊ नये." त्यांनी खोटं सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं मला त्या क्षणी वाटलं.

"ते काम मला कुणी दिलतं?" मारुतीने विचारलं. सर माझ्याकडे बघत नव्हते, हेच वाईट होतं.

"यादी मी केलतो," मी म्हटलं.

"माझंच नाव कामून?"

"असंच."

"असंच न्हवं, दिगू," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "ते काम बघून माझं नाव लिहिलास तू. बाकीच्यांचं कसब बघून कामं लिहिलास."

ओट्यातल्या भाजीकडे बोट दाखवून सरांनी विचारलं, "अक्का, ह्येला काय म्हणता?" गिरजाबाई म्हणाली, कुरडू, दुसरं काय. दुष्काळात हीच खाऊन जगलो. बी पाण्यात भिजवून दिलं तर मुतखड्याला चालतं. पण उसात माजली की खुरपून खुरपून कंबर मोडते. सरांनी खिशातून कागद काढून सगळं लिहून घेतलं. मग विचारलं, "तुमचं नाव?" ती म्हणाली, "माझं कशाला? मी काय शिकलेली हाय?" सर म्हणाले, "रोपाचं नाव सांगणाऱ्याचं नाव लिहायचं असतं." असतं म्हणाले ते! तोवर असं कुठल्याही कॉलेजात नव्हतं. वाटेत त्यांनी ठरवलं असणार, किंवा तिथेच, तिच्या ओट्याकडे बघताना.

निघताना मारुतीने एकच विचारलं. "आलो समजा. मंग इख कोण लावणार? न्हाई लावलं तर सगळं किडा खातो." सर म्हणाले, "मी." मला वाटलं, बोलण्याच्या भरात म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझी यादी भिंतीवरून काढली, शेवटच्या ओळीतलं मारुतीचं नाव खोडून तिथे आपलं लिहिलं, बाण काढून ती ओळ सगळ्यांच्या वर नेली आणि कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला.

मारुती परत आला. आणि तिथून पुढे त्या खोलीत शिकवायची रीतच बदलली. पहिल्या वर्षाच्या प्रत्येक मुलाने आपल्या गल्लीतली, आपल्या शेतातली दहा रोपं आणायची. लेबलवर लॅटिन नावाच्या वर घरातलं नाव, आणि खाली एक नवा रकाना, 'नाव सांगणारी व्यक्ती'. वर्गात कधी तोंड न उघडलेली एक बुरख्यातली मुलगी आपल्या नानीची सात औषधं घेऊन आली आणि दख्खनीत वीस मिनिटं बोलली. सर खाली बाकावर बसून लिहून घेत होते. चित्रं, लेबलं, दाबणं पाळीपाळीने सगळ्यांकडे फिरू लागलं. बेडकाचं कामही, प्राणिशास्त्रवाल्यांशी भांडून. विद्यापीठाची तपासणी समिती आली तेव्हा एका गृहस्थांनी कुरडूचं पान उचलून विचारलं, "ह्या गिरजाबाई कुठल्या विद्यापीठाच्या?" सर म्हणाले, "उसाच्या." समितीने शेऱ्यात लिहिलं, की या रकान्याला शास्त्रात आधार नाही. रकाना राहिला.

फक्त एक काम फिरलं नाही. दर वर्षी दिवाळीनंतर रोपं वाळली की सर दार लोटून आत ट्रेपाशी बसायचे. हातमोज्यांसाठी दर वर्षी वर पत्र लिहायचे. एकदा एक जोड आला, तो पहिल्याच आठवड्यात बोटांत फाटला. खिडक्या उघडण्यासाठी लिहिलं, त्याचं उत्तरच आलं नाही. चिमटा होता, पण नाजूक पानं चिमट्याने तुटतात. मग काय करत असतील ते मी कधी विचारलं नाही.

आधी फळ्यावर दिसलं. खोडाचा छेद काढताना सर एका फटक्यात गोल काढायचे, असा की कंपासाने मापावा. नोकरीला लागल्यावर एकदा मी सहज त्यांच्या वर्गात डोकावलो, तर त्या गोलाची रेघ थरथरत गेली होती. मला वाटलं, खडू खराब. पुढच्या वर्षी टोकं जुळत नव्हती. मग म्हणू लागले, तोंडात सारखी तांब्याची चव असते, अक्कांनी स्वयंपाकाची भांडी बदलून बघितली. ज्यांचा आवाज व्हरांड्याच्या टोकापर्यंत जायचा, ते पोरांकडे तोंड करून उभं राहायला बिचकू लागले, फळ्याकडे बघूनच शिकवायचे. मधूनच भडकायचे आणि मग लाजायचे. सोलापूरच्या डॉक्टरांनी नसांचं दुखणं सांगितलं. मृत्यूच्या दाखल्यावर हृदय लिहिलं आहे. मी डॉक्टर नाही, आणि झाडांना लावलेल्या त्या पाण्याने काय केलं हे कुणी सिद्ध केलेलं नाही. मी फक्त काय बघितलं ते सांगतो.

आणि काय केलं तेही सांगायला हवं. एकदा कचेरीत मी त्या थरथरत्या हाताची नक्कल केली. सगळे हसले. नक्कल संपली, हात खाली घेतला, तरी तो क्षणभर हलतच राहिला... ती नक्कल मी पुन्हा केली नाही.

मारुती कॉलेजात सरांच्याच विभागात लागला तेव्हा पहिल्या दिवशी सरांपुढे जाऊन म्हणाला, "सर, आता मी करतो ते काम. किल्ली द्या." सर म्हणाले, "तुझा महिना होऊन गेलाय." किल्ली दिली नाही.

सरांना दुबलगुंडीला त्यांच्या शेतात बसत्या स्थितीत माती दिली. विभूतीने कपाळ भरलं होतं, हात मांडीवर ठेवले होते. पहिल्यांदाच ते हात स्थिर बघितले.

गेल्या आठवड्यात मारुतीने मला कॉलेजात बोलावलं. अक्कांनी किल्ली पाठवली होती, कपाट उघडायचं होतं. दाराच्या आत माझी यादी अजून आहे, माझं वीस वर्षांपूर्वीचं देखणं अक्षर. वर बाण, सरांचं नाव. आणि त्याखाली दर वर्षी एकदा तेच नाव. पहिली काही नावं छापल्यासारखी, मग अक्षरं वाकत गेलेली, शेवटची दोन तर ज्याला माहीत नाही त्याला वाचताच येऊ नयेत. मारुतीने चिमट्याने कुरडूचं पान बाहेर काढलं. तुरा अजून गुलाबी आहे, एक कण गळलेला नाही, खाली गिरजाबाईंचं नाव. त्याने बोट पुढे नेलं आणि मागे घेतलं. आपल्या आईचं नाव त्याने चिमट्यानेच धरलं होतं.

खालच्या खणात गेल्या वर्षीची पानं होती. सर अंथरुणावर होते, त्यांना विष लागलेलं नव्हतं. कडा कुरतडलेल्या, खणात तपकिरी भुकटी, आणि नाव सांगणाऱ्यांच्या रकान्यात भोकं. तेवढ्यात माझी नजर बाहेरच्या भिंतीवर गेली. नव्या बॅचची नवी यादी, कपाट उघडणार म्हणून सकाळीच लावलेली. सगळ्यात खाली 'विष लावणे', आणि पुढे एक नाव. मला त्या मुलाचं गाव ठाऊक नव्हतं, आडनाव पुरे होतं. बॅचची लीडर म्हणजे एक हुशार, हसऱ्या चेहऱ्याची मुलगी, अक्षर मोत्यासारखं. मी विचारलं, "हे नाव कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई, सर," ती म्हणाली. "असंच टाकलं."

मला कुणीतरी दारातून बघत आहे असं वाटलं. मागे कुणी नव्हतं. मारुतीने खिशातलं पेन काढून माझ्यापुढे धरलं. "यादी करायची सवय तुला हाय."

मी नावाला हात लावला नाही. ती पूर्ण ओळच खोडली, कामासकट, कागद फाटेपर्यंत.

"मग किडा?" ती मुलगी विचारत होती. "सगळी पानं खाईल, सर. मेहनत हाय त्यात."

"डांबरगोळ्या ठेवू," मारुती म्हणाला. "तरी खाल्लं तर खाऊ दे. माझी आई हाय अजून, तुझी बी असंल. पुढच्या सालाला परत जाऊन विचारू." मग तिला समोर बसवून त्याने ट्रेमध्ये काय असतं ते पहिल्यापासून सांगितलं, आधी सांगितलं, मग चिमटा दाखवला.

मी नळाकडे वळलो. नळाला जाळीच्या पिशवीत साबणाचा तुकडा अजून टांगलेला आहे, सरांनी बांधलेल्या गाठीसकट. मागून मारुतीचा आवाज आला. "दिगू, हात धुतलास का?"

मी फक्त कागद आणि पेन हातात धरलं होतं. तरी धुतले. बोटांच्या बेचक्यातून, नखांतून. मग पुन्हा एकदा धुतले.